दोन, थांबून एक

माणिकपूर, वसई रोड
१२ जानेवारी १९८१

बेसिल,

टपालखात्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला मोकळा असा दुसरा माणूस मला माहीत नाही. नाक्यावरच्या टपालपेटीला परवा नवा लाल रंग दिला. 'रंग ओला आहे' अशी पाटीही नियमाप्रमाणे लावली. पण पेटीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून. भिंतीला सूचना मिळाली, मला मिळाली नाही. माझ्या पांढऱ्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत लाल झाली. तसाच बाजारातून घरी आलो तेव्हा तिघा ओळखीच्यांनी वाट सोडली आणि चौथ्याने हळूच विचारलं, "कोनाला?" घासलेट, लिंबू आणि आमच्या सौभाग्यवती चंद्रकांताचं बोलणं, तिन्ही लावून पाहिलं. डाग जात नाही. सरकारने सदरा भरून द्यावा असं मी म्हणत नाही. निदान खेद व्यक्त करावा.

खेद व्यक्त करायला किती वर्षं लागतात ते मला ठाऊक असल्यामुळे मी सरकारची घाई करणार नाही.

तू वेरावळला गेल्यापासून मी तुला बरीच पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही. पण पत्रं परतही येत नाहीत, म्हणजे तू आहेस आणि ती घेतोस. वेरावळच्या ट्रॉलरांच्या पंख्यात अडकलेली जाळी तू अजून बुडी मारून कापतोस, असं इकडून गेलेले खलाशी सांगतात. चांगलं आहे. माणसाने जे येतं ते करावं. मी अजून साप्ताहिकात लोकांना चिमटे काढतो.

बातमी अशी. तुझी आय बरी आहे. तिची धाकटी बहीण कॅथरिन आठवते का? तू दहा-अकरा वर्षांचा असताना लग्न होऊन कराचीला गेली, नवरा आपल्याच पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला, तिथे बंदरात कामाला होता, मग फाळणी झाली आणि ती दोघं तिकडचीच झाली. तिचं पत्र आलंय, पासष्टच्या लढाईनंतरचं पहिलं. बहारीनला आपला ऑगस्टीन ज्या गोदीत आहे तिथे एक कराचीवाला आहे. त्याच्या खिशातून ऑगस्टीनच्या बॅगेत आणि तिथून पाचूबंदरला. मी ते तुझ्या आयला वाचून दाखवलं. कॅथरिनमावशी जिवंत आहे, गुडघे धरलेत. तिचा एकुलता मुलगा रॉबर्ट एकाहत्तर साली वारला.

एवढंच. तुझ्या मावसभावाची गोष्ट म्हणून कळवलं.

भालचंद्र

ता. क. पत्र दोनच पानी होतं. वाचायला मला दीड तास लागला.


माणिकपूर
२३ जानेवारी १९८१

बेसिल,

मागच्या पत्रात मी 'एवढंच' असं लिहिलं. विनोदी लेखनात हा शब्द मी फार वापरतो. त्याच्या आड काहीही झाकता येतं.

दीड तास का लागला ते सांगतो. मावशीने बोलून दाखवलं आणि तिच्या मुलीच्या मुलीने लिहून घेतलं. त्या पोरीला उर्दू येतं, इंग्रजी येतं, मराठीचं एक अक्षर येत नाही. तिने आजीच्या तोंडून जो आवाज आला तो जसाच्या तसा इंग्रजी लिपीत उतरवला, शब्द कुठे संपतो त्याचीही फिकीर न करता. डोळ्यांना काही म्हणता काही लागत नव्हतं. मोठ्याने वाचलं की मात्र कानाला कळत होतं, कारण ती निव्वळ पाचूबंदरची बोली होती, पस्तीस वर्षांपूर्वीची, मिठात घातल्यासारखी ताजी.

म्हणून भर दुपारी तुझ्या आयच्या ओट्यावर बसून, मी, बागायतदारांच्या घरातला चष्मा लावणारा पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, कॅथरिनमावशीच्या तोंडाने बोलू लागलो. पहिलीच ओळ: "मार्थे, मी हाय गो. तू हायस का?" मला वाटलं, पुढे वाचावं. वर पाहिलं तर तुझी आय माझ्याकडे बघून उत्तर देत होती, "हाय गो बाय, हाय." तिला मी दिसत नव्हतो. चंद्रकांता सोबत आली होती. घरी येताना तिने एवढंच म्हटलं, "तिथे आवाज तुमचा नव्हता. पुन्हा असं वाचू नका."

पत्रात होतं ते असं. रॉबर्ट तिकडच्या नौदलात होता. "माजा रॉबर्ट पान्याखालच्या बोटीवर व्हता." एकाहत्तरच्या नोव्हेंबरात निघताना म्हणाला, लांब चाललोय, नाताळला येतो. मग सरकारी कागद आला. कुठे गेला ते नीट कोणी सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी त्याच्या साहेबाने सांगितलं की आपल्याकडच्या दर्यात नाही, पल्याडच्या दर्यात. मी ते वाचलं. तुझ्या आयने विचारलं, "पल्याडचा म्हंजे?" मी म्हटलं, "लांबचा, मार्थाबाय." तुला समजावून सांगायला नको. तू त्या पल्याडच्या दर्यावर, विशाखापट्टणमला होतास.

आता जे मी तुझ्याविषयी वाकडं छापलं ते एकदा सरळ लिहून काढतो. इतक्या वर्षांत ते कधी केलं नाही.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तू नौदलातून सुटून आलास आणि धक्क्यावर मला म्हणालास, भालू, हसू नको. युद्धाच्या पहिल्याच रात्री त्यांची पाणबुडी तुमच्या बंदराबाहेर बुडाली होती. आपल्या मोठ्या जहाजाच्या शिकारीला कराचीहून निघून, सगळा किनारा वळसा घालून आली होती, आणि जहाज तिथे नव्हतंच. ती कशाने फुटली यावर दोन्ही सरकारं अजून भांडताहेत. तिथल्या कोळ्यांना आधी तेल दिसलं, मग तरंगती जाकिटं. मग तुम्हा बुडी मारणाऱ्यांना खाली सोडलं. तुझी पाळी तिसऱ्या दिवशी आली. हुकूम होता की पत्र्यावर ठोकून बघायचं, आत कोणी आहे का. तू पाना घेऊन ठोकलंस. आणि नौदलाने चौदा वर्षं शिकवलेलं सगळं तुझा हात विसरला. त्याने पाचूबंदरचा ठोका दिला.

दोन, थांबून एक.

धुक्यात आपल्याकडे एका होडीने दुसरीला नावाने हाक मारायची नसते. दर्याला नाव कळलं की तो माणूस मागून घेतो. वल्ह्याची मूठ फळीवर आपटायची: दोन, थांबून एक. हायस का? समोरच्याने उलट द्यायचा: एक, थांबून दोन. हाय. हा ठोका फक्त पाचूबंदरचा. अर्नाळ्याला तो माहीत नाही, मी मुद्दाम विचारून आलो.

आतून आलं: एक, थांबून दोन.

तू वर येऊन सांगितलंस. साहेब म्हणाला, आत पाणी भरलंय, काहीतरी सुटून लोंबत असेल, आपटलं असेल. दुसऱ्या दिवशी तू हुकूम नसताना ठोकलंस. काही आलं नाही. एवढंच तू मला सांगितलंस, आणि म्हणालास, कुणाला बोलू नको.

मी बोललो नाही, छापलं. तुझं नाव घातलं नाही, ही माझी सभ्यता. तो लेख मला तोंडपाठ आहे. "शत्रूच्या भुतांना पाचूबंदरची बोली अवगत असल्याचे उघडकीस आले आहे. फाळणीत आपण खुर्च्या-टेबले वाटून दिली हे ठाऊक होते. होडी ठोकण्याची विद्या त्यांना कोणत्या वाट्यात गेली, याचा खुलासा व्हावा." लोक पोट धरून हसले. मग पोरं तुझं दार ठोकून पळू लागली. मग लग्नाच्या मांडवात कोणीतरी ग्लासावर चमचा वाजवून ओरडलं, "बेसिल, हायस का?" आणि सगळा मांडव उलट वाजला. पुढच्या पावसाळ्याआधी तू गेलास.

मला काय म्हणायचंय ते मी अजून म्हटलेलं नाही. पण थंडी आहे आणि शाई संपली.

भालचंद्र


माणिकपूर
१० फेब्रुवारी १९८१

बेसिल,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांत पहिलं, आणि त्यावर दोन शब्द: "कुठली बोट?"

तू नेहमीच कमी बोलायचास. मी तुझ्या वाटणीचंही बोलत आलो, तीच तर भानगड झाली.

बोटीचं नाव मावशीने लिहिलेलं नाही. पण त्या लढाईत पल्याडच्या दर्यात त्यांची पाणबुडी एकच गेली. तुला हे माझ्याआधी कळलं असणार, म्हणून तर तू पत्ता लिहिताना एवढा दाबून लिहिलास की कार्डाच्या मागून बोट फिरवलं तर वाचता येतं.

बेसिल, पत्रात एक ओळ आहे. ती मी तुझ्या आयला वाचली नाही आणि तुला दोन पत्रांत लिहिली नाही. कारण तुला द्यायला माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या: तू वेडा नव्हतास ही एक, आणि आत कोणी नव्हतं ही दुसरी. त्यातली एक दिली की दुसरी देता येत नाही. कोणती देऊ ते मला ठरवता आलं नाही. तू विचारलंस, तेव्हा आता ठरवणं माझ्याकडे राहिलं नाही.

ओळ अशी आहे, तिच्याच बोलण्यात: "त्याच्या बापाने त्याला आपला होडीचा ठोका शिकवलेला. येवढा मोठा झाला तरी घरी आला की दार तसंच ठोकायचा, दोन, थांबून येक, आनि मी चुलीपासून भांड्यावर उलट द्यायची. अजून मला ऐकू येतो."

म्हणजे कराचीतल्या एका घरात तो ठोका रोज चालू होता. मी थट्टेने खुलासा मागितला होता. तो हा असा आला.

आता परवाचं सांगतो. तुझं कार्ड घेऊन मी पाचूबंदरला गेलो. आयला दाखवायचं होतं की तू लिहिलंस. तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पदरात ठेवलं आणि म्हणाली, "भालू, त्या दिवशी तू वाचताना येक घास गिळलास."

"काय मार्थाबाय?"

"मला वाचता नाय येत. पन माजी बहीन कुठं श्वास घेते ते मला ठाव हाय. मधीच तुजा आवाज तुजा झाला. मग परत तिचा झाला. तेवढं काय व्हतं?"

मी म्हटलं, "काही नाही, गुडघ्याचं होतं."

"गुडघ्याला कोन लपवतं रे? तुजी जीभ सगल्या वसईला कापत सुटली, आनि माज्या म्होरं आता बोथट झाली?"

मी वाचलं. पहिल्यापासून वाचायला लावलं तिने, मधूनच नको म्हणाली. त्या ओळीवर आलो, आणि ती या वेळी गिळली नाही. मग तुझी सगळी हकीकत सांगितली, पाना, पत्रा, तिसरा दिवस. तू तिला कधी सांगितली नव्हतीस. तिला लोकांच्या हसण्यावरून अर्धी ठाऊक होती. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मग मला शिव्या देईल, आणि मला ते बरं वाटेल.

तिने समोरच्या सुक्या बोंबलांची पाटी बाजूला सरकवली आणि मुठीने ओट्याच्या फळीवर ठोकलं. दोन. थांबली. एक.

आणि मान कलती करून वाट बघू लागली. दर्याकडे कान करून.

मी तुला शपथेवर सांगतो, त्या वेळी बंदरावर होड्यांची डागडुजी चालली होती, फटींत कापूस ठोकून भरत होते, सबंध दुपार ठकठक चालली होती. मला ते माहीत आहे. तरी तिने ठोकल्यावर ती ठकठक थांबली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग खाडीच्या अंगाने आलं: एक. मग दोन.

मग पुन्हा नेहमीची ठकठक सुरू झाली.

मी उठून बघायला निघालो. कोणत्या होडीवरून आलं, कोण कारागीर आहे, त्याला हा ठोका येतो का, विचारायला. हे माझं काम आहे, बेसिल, मी आयुष्यभर लोकांची भुतं अशीच उजेडात ओढून हसवली आहेत. तुझ्या आयने माझा सदरा धरला.

"बस खाली."

"अहो, पण कोण होतं ते तरी..."

"बस म्हटलं ना."

बसलो. मग ती बोलली. ते तुझ्यासाठी आहे, म्हणून जसंच्या तसं लिहितो. "म्हंजे पोर येकटा नव्हता. वर पानी, खाली पानी, आनि दारावर घरचा मानूस आला. त्याला वाटलं असंल, आपन बंदराला लागलो." मग म्हणाली, "बेसिलला लिव. त्याला वाटंल, मी रॉबर्टला सोडून वर आलो. लिव त्याला, की तुजी आय म्हनते, तू गेला नसतास तर कोन गेलं असतं?"

लिहिलं.

यातलं काय खरं आहे ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत आत कोणी श्वास घेत होतं का, साहेब म्हणाला ते खरं का, तुझा मावसभाऊ त्या ठोक्याच्या मागे होता का नुसता एक सुटलेला नळ होता. नोव्हेंबरच्या मध्यात ती बोट कराचीहून दक्षिणेला गेली, म्हणजे कधीतरी आपल्या वसईवरून गेली, पाण्याखालून. त्या दिवशी तुझी आय वाळूवर सोडे वाळत घालत असेल, आणि मी घरी बसून कोणाची तरी टर उडवत असेन. बोटीच्या आत बसलेल्या त्या पोराला ठाऊक असेल का, की उगवतीच्या अंगाला आपल्या आईचं बंदर चाललंय? यावर मी रोज विचार करतो. त्याचा विनोद होत नाही.

भालचंद्र


माणिकपूर
२ मार्च १९८१

बेसिल,

मावशीने पत्राच्या शेवटी एक मागणं केलं होतं, ते तुला लिहायचं राहिलं. कराचीच्या देवळात रॉबर्टच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली आहे. पण तिला आपल्या देवळात एकदा त्याचं नाव वाचून हवं होतं. "तिकडं त्याला कोनी वलखत नाय. येकदा नाव ऐकू दे लोकांना."

तुझी आय फादरांकडे जायला निघाली, मी सोबत गेलो. फादर नवे आहेत, तरुण, त्यांना माझा तो लेख माहीत नाही. माझ्याशी आदराने बोलणारा पंचक्रोशीतला तेवढाच माणूस. त्यांनी वही काढली. "मयताचं नाव? कुठे वारले?"

आय म्हणाली, "पान्यात."

"मच्छीमारीला गेलेले?"

मी सांगितलं, काय ते. फादरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "भालचंद्रराव, तिकडच्या नौदलातला? इथे, वेदीवरून?"

"प्रार्थनेला गणवेश लागतो का, फादर?"

"मला नाही लागत. पहिल्या बाकावर बसणाऱ्या आलोशियसला लागतो. त्याचा पुतण्या त्याच लढाईत पाय घालवून आलाय."

हे माझ्या लक्षात नव्हतं. तुझ्या आयने विचारलं, "आलोशियसला मी इचारू?" आणि उत्तराची वाट न बघता गेली. त्याच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही, मला बाहेर उभं केलं होतं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, मागून आलोशियस. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू तोच ना रे, ज्याने भुतांवर लिवलेलं? मी लय हसलेलो. मांडवात चमचा मीच वाजवलेला." मग थोडं थांबून, "नाव वाचू दे. मी बसंन."

नाव वाचायचं तर चिठ्ठी लागते. फादर म्हणाले, मराठीत दोन ओळी लिहून द्या, माझं मराठी शाळेतलं आहे. तुझी आय माझ्याकडे बघत राहिली. मी लिहून दिलं. आजवर मी दर आठवड्याला हजार शब्द पाडले, या दोन ओळींना एक रात्र पुरली नाही, सकाळी चंद्रकांताने कागद पुढ्यातून ओढून घेतला आणि म्हणाली, "बास. आता तो तुमचा नाही."

काल रविवारी मी पाचूबंदरच्या देवळात शेवटच्या बाकावर बसलो. सगळे उठले की उठायचं, गुडघे टेकले की काय करायचं ते कळेना, म्हणून अर्धा वाकलो. पुढे तुझी आय, तिच्या शेजारी आलोशियस. मांडवात हसलेले बहुतेक तिथे होते. तुला वाटेल, मी त्यांच्याकडे बघत होतो. नाही. खाली बघत होतो.

फादरांनी इतर मयतांची नावं वाचली. मग ती चिठ्ठी उघडली आणि शाळेतल्या मराठीत, अडखळत वाचली. बाहेर आल्यावर तीन-चार म्हाताऱ्या तुझ्या आयजवळ गेल्या, तिचा हात धरून उभ्या राहिल्या. एकीने तुझा वेरावळचा पत्ता मागितला. तिच्याकडे पेन नव्हतं, मी लिहून दिला.

मिस्सा झाल्यावर मी फादरांकडून चिठ्ठी मागून घेतली. ती या पत्रात घातली आहे. घडी फादरांची आहे, अक्षर माझं. वेदीवरून वाचलं ते हे:

"पाचूबंदरच्या कॅथरिनचा मुलगा रॉबर्ट, वय तेवीस, डिसेंबर १९७१मध्ये समुद्रात वारला, त्याच्या आत्म्यासाठी. त्याचा ठोका आपल्या मार्थाच्या बेसिलने ऐकला, आणि खरे सांगितले."

भालचंद्र